गोदीशी बोला, मग दर्शन

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सोनबा महाराज धामणखेड गावात आले. देवळातल्या गादीवर बसा म्हणून लोकांनी किती विनवलं! महाराज गेले ते थेट गावाच्या टोकाला, पत्रावळी लावणाऱ्या ठकूच्या ओट्यावर जाऊन टेकले.

ठकू जन्माची मुकी. ऐकू यायचं, पण तोंडून शब्द फुटत नव्हता. नवरा वारलेला. पदरात दोन वर्षांची गोदी, आणि गोदीही बोलत नव्हती. बोलणार कशी? त्या दारात कुणी जायचं नाही, पोरीशी कुणी बोलायचं नाही आणि वर म्हणायचं, मुकीचं पोर मुकंच! असल्या गावाला लाज कुठली?

सगळ्यांत पुढे ठकूचा दीर रंभाजी, तेलाच्या घाण्याचा मालक. महाराजांदेखत तो गरजला, "वहिनी, दिवाळीच्या पाडव्यापर्यंत पोर बोलली नाही तर मी तिला माझ्या घरी नेणार. तू माहेरचा रस्ता धर!"

ठकूनं गोदीला घट्ट धरलं. मग डोळे पुसून पाच बोटं जुळवली, तोंडाकडे नेली. गोदी खुदकन हसली आणि तिनंही तशीच बोटं जुळवली.

महाराजांनी ते पाहिलं. म्हणाले, "बाई, तू पत्रावळी लाव. बाकीचं पांडुरंग बघेल."

दुसऱ्या दिवशी महाराजांनी नेम घालून दिला. ज्याला दर्शन हवं त्यानं आधी गोदीसमोर बसायचं. आज काय खाल्लं ते तिला सांगायचं, "तू जेवलीस का?" म्हणून विचारायचं आणि ती उत्तर देईपर्यंत हलायचं नाही. पोर मान डोलावेल, नाक ओढेल, मिशी ओढेल, तेच उत्तर!

मग काय! मोठमोठे पागोटेवाले मांडी घालून तिला पिठल्याचं वर्णन सांगू लागले. रंभाजी मात्र रोज बैल घेऊन जाताना रांगेवर खेकसायचा, "सरक बाजूला, रेड्या!" आणि महाराजांना खिजवायचा, "काय बुवा, मुकीला कीर्तन शिकवता?"

पाडवा उजाडला. गोदी गप्पच. रंभाजीनं तिला उचलायला हात घातला. ठकूनं त्याचे पाय धरले.

"कुठं आहे तुमचा पांडुरंग?" तो हसला.

तेवढ्यात दावं तोडून त्याचाच बैल शिंगं रोखून त्याच्या पाठीमागून सुटला. ठकूनं पाहिलं. हात उडवले, जीव तोडून उडवले, पण ओरडणार कशी? महाराजांनी डोळे मिटून "विठ्ठल!" म्हटलं, आणि गोदी कडाडली,

"सलक बाजूला, लेड्या!"

रंभाजीनं उडी मारली ती थेट शेणाच्या ढिगात. बैल गोदीपासून चार बोटांवर थबकला, जणू कुणी वेसणच खेचली, आणि त्यानं मान खाली घातली. गोदीनं त्याच्या नाकावर हात ठेवला.

"जेवलाश?"

सारं गाव हसलं आणि हसता हसता रडलं!

शेणानं माखलेला रंभाजी महाराजांपुढे आडवा झाला. "महाराज, चुकलो!"

"माझ्या नको, वहिनीच्या पाया पड," महाराज म्हणाले. "अरे, ही पोर कधीपासूनची आईशी हातांनी बोलते आहे. शब्द तुमच्याजवळ होते, ते तुम्ही कोंडून ठेवलेत."

रंभाजीनं ठकूच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्याला उठवलं, पाच बोटं जुळवली आणि तोंडाकडे नेली. त्याला काही उमगेना.

"गोदे, काय म्हणते गं तुझी आई?"

गोदीनं काकाच्या शेणानं भरलेल्या मिशीकडे पाहिलं.

"जेवलाश का?"