दलदलीकाठची घंटा

“हिला मोठी घंटा घाला बाई. कोल्ह्याची जात, पाऊल वाजत नाही.”

पाणवठ्याच्या वरच्या पायरीवर शेळीकाकू कुजबुजल्या. खालच्या पायरीवर घागर भरणाऱ्या नव्या सुनेने, कोल्हिणीने, ते ऐकले आणि मान खाली घातली.

फार फार पूर्वीची गोष्ट. माणूस अजून जन्माला यायचा होता. प्राण्यांच्या त्या गावात चारा खाणारे वरच्या पायऱ्यांवर पाणी भरत, दातवाले खालच्या. दातवाल्यांच्या गळ्यात घंटा असे. सांबर पाटलांच्या शिंगांना मात्र कुणी काही बांधले नव्हते.

चारा खाणाऱ्यांची पोरे बोलू लागत, तेव्हा पहिला धडा हाच असे: “घंटा वाजली की पाठ फिरवायची आणि पळायचं. रडायचं नाही. रडलं की ते ऐकतात.”

तरी पोरे नाहीशी होत. धुक्याच्या सकाळी जात. ना रक्त, ना हाड. कोल्हीण सून होऊन आली, त्या महिन्यात चौथे गेले.

“अजून एक गेलं,” पाटील म्हणाले, “की कोल्ह्याचं घर वेशीबाहेर.”

“खाली बघून चाल गं,” सासूबाई म्हणाल्या. सून खाली बघून चाले. खाली बघणाऱ्याला पावलांचे ठसे फार दिसतात.

एका सकाळी धुके इतके दाट होते, की तिला स्वतःची घागर दिसेना. तिने पाऊल टाकले. ठण्ण. लव्हाळ्यात इवले खूर पळाले. ती थांबली. खूर थांबले. पुन्हा पाऊल, पुन्हा ठण्ण. खूर आणखी आत गेले. मग चिखलाचा एकच बुडबुडा फुटला आणि सगळे शांत झाले.

लव्हाळ्यामागे दलदल होती.

तिने घंटेत गवत कोंबले आणि खाली बघत ती इवल्या खुरांच्या ठशांमागे धावली. एक करडू मानेपर्यंत रुतले होते. डोळे उघडे, तोंड घट्ट मिटलेले. ते रडत नव्हते. शहाणे होते. त्याच्याशेजारी चिखलातून एक बोटभर शिंग वर आले होते. ते हलत नव्हते.

तिने करडाची मान दातांत धरली, अलगद, आणि ओढले.

ती तशीच चौकात आली आणि ओरडा झाला. “बघा! तोंडात धरलंय!” तिने करडू शेळीकाकूंच्या पायाशी ठेवले. ते त्यांचेच होते.

“आई, घंटा वाजली म्हणून मी पळालो,” ते म्हणाले. “तिथं अजून एक शिंग आहे.”

शेळीकाकू उठल्या, सुनेजवळ गेल्या आणि तिच्या घंटेचा पट्टा दातांनी कुरतडू लागल्या.

“थांबा!” पाटील म्हणाले. “घंटेत गवत कोंबायला हिला कुणी सांगितलं?”

तेव्हा आजवर पाणवठ्यावर हूं की चूं न केलेली सून मान वर करून म्हणाली, “पाटील, घंटा माझ्या गळ्यात होती, पण ती ऐकून कुठं पळायचं ते तुम्ही शिकवलंत. लेकरांना नुसती भीती शिकवली, तर त्यांना घंटा कळते, धोका कळत नाही.”