दोन टोकांचे वाढपी

कॉलेज सोडलेली शर्वरी कॉम्प्युटर जोडून द्यायची. मंगल कार्यालयाचे मालक बापूसाहेब घोरपडे यांना लग्नाचे व्हिडिओ झटपट एडिट करणारं मशीन हवं होतं. तिने सोळा-सोळा जीबीच्या दोन रॅम निवडल्या, कारण दोन्हींतून डेटा एकाच वेळी येतो.

"बत्तीसची एकच टाक. अर्धवट शिकलेल्यांनी मला शिकवू नये, नाहीतर ऑर्डर रद्द," बापूसाहेब गुरगुरले. केस पिकले की सगळं कळतं, हा यांचा समज.

तेवढ्यात कार्यालयात लग्नाची पंगत बसली. वरणाला एकच वाढपी बघून ते खेकसले, "दुसऱ्या टोकाने अजून एक सोडा रे."

"कशाला? त्यालाच दुप्पट मोठी बादली द्या की," शर्वरी म्हणाली.

"बादली मोठी केल्याने पंगत लवकर उठते का गं?"

"नाही ना? मग कॉम्प्युटरमध्ये नुसती बादली का मोठी करताय?"

बापूसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

"दोन टाक," ते म्हणाले.