सोनघळ घाटाची भिंत आणि घागरभर ताक

सोनघळ घाटातली भिंत दुसऱ्यांदा कोसळली आणि राजा मकरंदसेनाचं डोकं फिरलं!

डोंगराची माती रस्त्यावर येऊ नये म्हणून ती उंच भिंत बांधलेली. रात्रीच्या गाड्यांना वळणं दिसावीत म्हणून तिच्या माथ्यावर दिव्यांची रांग. पण श्रावणात पावसानं जोर धरला, भिंतीला पोट सुटलं आणि भिंत, दिवे, माती सगळंच दरीत गेलं! तेव्हापासून गाडीवाले अंधारात जीव मुठीत धरून घाट उतरत होते.

राजानं चौकशी नेमली. दिवाणजींनी पुष्कळ पंचांगं चाळून शनीला दोषी ठरवलं. पण शनीला धरून आणणं शिपायांना जमेना, म्हणून त्यांनी भिंत बांधणाऱ्या रायाप्पा गवंड्याला आणलं. त्याच्या मागोमाग त्याची लेक म्हाळसाही दरबारात आली.

“म्हाराज, डोंगर पावसाचं पानी पितो, ते भिंतीमागं साठतं आन् भिंतीला ढकलतं,” रायाप्पा हात जोडून म्हणाला. “भिंतीत भोकं ठिवू द्या. पानी वाहून जाईल, भिंत हुबी ऱ्हाईल. मागल्या खेपेलाबी मी हेच म्हनलो हुतो.”

“भोकं? माझ्या भिंतीला?” राजा ताडकन उठला. “देवीचे वण असावेत तशी? मुळीच नाही! माझी भिंत आरशासारखी गुळगुळीत हवी. पाण्याचा एक थेंब बाहेर दिसता कामा नये. आणि पुन्हा पडली, तर उरलेला जन्म तू किल्ल्याच्या कोठडीत काढशील!”

बापाशिवाय म्हाळसाला जगात कोणी नव्हतं. डोळे भरून आले होते, तेवढ्यात तिला दिवाणजी मिशीत हसताना दिसले. मग मात्र तिला रडायचं सुचेना, रागच आला.

“म्हाराज, भिंत तुमच्या मनासारखीच व्हईल,” ती पुढे होऊन म्हणाली. “फकस्त पायाभरणीच्या दिशी समद्यांना ताक-सरबत द्यायची चाकरी माझ्याकडं असू द्या.”

“दिली!”

“आन् भिंतीनं जागचं हलू नये असं वाटतं न्हवं? मग तिच्या मानासाठी समारंभ सरेस्तोवर कुनीबी जागचं हलू नये, असा हुकूम काढा.”

“वा! याला म्हणतात शिस्त!” राजा खूश झाला. लगेच दवंडी पिटली गेली.

पायाभरणीला आश्विनातलं ऊन रणरणत होतं. राजानं एक दगड ठेवला, त्यावर फुलं वाहिली आणि तो घामाघूम होऊन आसनावर बसला. म्हाळसानं पेला पुढे केला. आधी कोकमाचं सरबत, मग उसाचा रस, मग आलं घातलेलं गार ताक. “वा! आण आणखी!” राजा म्हणत होता आणि म्हाळसा आणत होती.

मग दिवाणजी भाषणाला उभे राहिले. राजाच्या पणजोबांच्या जन्मापासून त्यांनी सुरुवात केली. पणजोबा मोठे व्हायला बराच वेळ लागला. आजोबांपर्यंत गाडी आली तेव्हा राजा आसनावर चुळबुळ करू लागला. वडिलांच्या राज्याभिषेकाला त्यानं पायावर पाय टाकला.

“दिवाणजी, आटपा!”

“पाहा, पाहा महाराजांचा विनय! स्वतःची स्तुती त्यांना ऐकवत नाही!” असं म्हणून दिवाणजींनी नवं प्रकरण काढलं. भिंत अजून बांधायची होती, पण तिच्यावरच्या प्रत्येक दिव्याला राजघराण्यातल्या एकेका पूर्वजाचं नाव द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. राजघराणं जुनं, पूर्वज भरपूर!

राजाचा चेहरा लालबुंद झाला. तो अर्धवट उठला, तोच भालदार ओरडला, “कुणीही जागचं हलू नये! महाराजांचा हुकूम आहे!”

“अरे मूर्खा, हुकूम माझाच आहे ना!”

“म्हणूनच तर, महाराज!”

एवढ्यात म्हाळसा घागर घेऊन समोर आली आणि उंच धार धरून तिनं पेला भरला. खळखळ आवाज झाला!

“आजून घोटभर, म्हाराज?”

“नको! ती धार बंद कर!” राजा कळवळला. “आता एक थेंब जरी पोटात गेला तर मी फुटेन!”

“अगंबाई! म्हाराज एवढे बलवान, आन् घटकाभराच्या ताकानं बेजार?” म्हाळसानं डोळे मोठे केले. “ती बिचारी भिंत चार म्हयनं अख्ख्या डोंगराचं पानी धरून बसनार. तिनं हलायचं न्हाई, थेंब गाळायचा न्हाई, आन् फुटली तर माझा बाप कोठडीत!”

राजा गुडघे आवळून ओरडला, “भोकं ठेवा! हवी तितकी ठेवा! रायाप्पाला कोठडी माफ! हुकूम रद्द! बाजूला व्हा!”

आणि तो दगडांच्या राशीमागे धावला. दिवाणजी भाषण अर्धवट टाकून त्याच्याही पुढे पळाले, कारण ताक त्यांनीही सोडलं नव्हतं!

थोड्या वेळानं राजा शांत चेहऱ्यानं परत आला. त्यानं रायाप्पाला घाटाचा मुख्य गवंडी नेमलं. दिवे रोज लागतात की नाही हे पाहायचा अधिकारही त्यालाच दिला. भिंतीची भोकं दरवर्षी पावसाआधी काडीनं कोरून साफ करायची कामगिरी दिवाणजींच्या वाट्याला आली.

दिवाणजींचं तोंड कडू झालं. “पण महाराज, ही भोकं पाहून परराज्याचे पाहुणे काय म्हणतील?”

“त्यात काय, दिवाणजी?” म्हाळसा घागर कमरेवर घेत म्हणाली. “पावन्यांना आदी ताक पाजू, मग तुमी भाषन करा. त्यांच्या राज्यातल्या भिंतींनाबी भोकं पडतील!”

राजा खो खो हसत सुटला. हसता हसता त्यानं मनगटातलं सोन्याचं कडं काढलं आणि म्हाळसाच्या हातात घातलं.