चुलीतला काळा दगड

हा सबंध डोंगर मला तोंडपाठ आहे. इथली गोष्ट माझ्यासारखी सांगणारा दुसरा माणूस नाही. होता एक, गेंद्या. तो मेला म्हणून मी शहाणा ठरलो. जिवंत होता तेव्हा माझं प्रत्येक वाक्य खोडून काढायचा.

तर पाव्हणं, चहा घ्या आणि चुलीकडे बघा. दोन दगड तांबडे, याच डोंगराचे. तिसरा काळा, गुळगुळीत. असला दगड इथल्या एकाही ओढ्यात मिळत नाही, पण पाड्यातल्या प्रत्येक चुलीत तो आहे, एकेकच. तुमच्यातले ते चष्मेवाले सर मघापासून त्याचं वय काढतायत. काढू द्या, मुलगी द्यायची असेल.

असे सांगतात की, आमची माणसं मोठ्या नदीच्या काठी राहत. तिथल्या चुलींचे तिन्ही दगड असेच काळे. कुण्या राजाची फौज आली, झोपड्या पेटल्या, पळायची वेळ आली. डेमली नावाच्या बाईचं तान्हं पोर नुकतंच पुरलेलं. ती त्या मातीपाशी बसली ती उठेचना. शेवटी तिनं चुलीतला एक दगड उपटून तिथं ठेवला आणि म्हणाली म्हणे, "याच्यापाशी बस. मी उरलेले घेऊन येते, मग रांधू." ते बघून घराघरानं आपल्या मेलेल्यांजवळ एकेक दगड ठेवला, उरलेले दोन सोबत घेतले. परत कुणालाच जाता आलं नाही. ती जागा आता धरणाच्या पाण्याखाली आहे.

पुढे सागाच्या रानात वस्ती झाली. तिथंही माणसं पुरली. मग गोरा साहेब आला. झाडं त्याची झाली, चोर आम्ही झालो. निघताना दुसरा दगड तिथं पुरलेल्यांना दिला. बोल तोच. उरलेला एक घेऊन म्हातारेकोतारे हा डोंगर चढले.

आजही भाकरीचा पहिला तुकडा आम्ही त्या काळ्या दगडावर ठेवतो.

आता वाघाला जागा पुरत नाही म्हणतात. वाघानं माझ्याकडे तक्रार केली नाही, सरकारकडे केली असेल. होळी झाली की ट्रक येणार, आम्हांला खाली सपाटीला नेणार. आमचा थोरला, वेस्ता, इथं उतारावर मोहाखाली पुरलेला आहे. मी खुमलीला, म्हणजे माझ्या बायकोला, हसत म्हटलं, "रीत ती रीत. दगड वेस्त्यापाशी ठेवू आणि मोकळ्या हातानं ट्रकमध्ये बसू. तेवढंच ओझं कमी!"

ती चुलीतली राख ओढत होती. म्हणाली, "ठेव की. पण 'उरलेले घेऊन येते' असं त्याला कुठल्या तोंडानं सांगू, बुढ्या? उरलंय काय?"