घडी बसेपर्यंत

पूर्वी एका हत्तिणीने उसाचा अख्खा फड फस्त केला. रक्तात साखर वाढली. तिच्या स्वादुपिंडातल्या एका पेशीत केंद्रकदादांनी हुकूम सोडला, "इन्शुलिन पाठवा!"

प्रथिनाच्या धाग्यांना घड्या घालून इन्शुलिन घडवणारी आंतर्द्रव्यजालिका कामाला लागली. पण हुकमांवर हुकूम आले, धागे साचले आणि घड्या चुकू लागल्या.

"चुकल्या तरी पाठव! हत्तीण मलूल झालीय," केंद्रकदादा ओरडले.

"चुकलेली घडी तिच्या काय कामाची, दादा? मी नाही पाठवणार. नवे हुकूम जरा थांबवा."

दादा चिडले, पण थांबले. जालिकेने बिघडलेले धागे मोडीत काढले, बाकीच्यांची एकेक घडी नीट बसवली आणि मगच त्यांना बाहेर सोडलं.

संध्याकाळपर्यंत हत्तीण उठून चालू लागली. पुढच्या खेपेला हुकूम सोडण्याआधी केंद्रकदादांनी हळूच विचारलं, "जालिके, पाठवू का गं?"