लाल बोटांची कविता

फार पूर्वी जपानच्या राजधानीत प्रेम करायचं म्हणजे आधी पत्र लिहावं लागे. पत्रात छोटीशी कविता, पत्र फुललेल्या फांदीला बांधलेलं, आणि कागद असा की हातात घेताच जीव हरखावा. माणूस कसा आहे हे कोणी विचारत नसे, अक्षर मात्र सगळे निरखून बघत.

असे कागद करणारा एक कारागीर नदीकाठी राहत असे. त्याची मुलगी भर थंडीत गार पाण्यात हात घालून झाडाच्या सालीचा लगदा धूत असे. कागद निवडायला आलेल्या एका तरुण दरबाऱ्याने ते हात पाहिले आणि बिचारा तिथेच विरघळला. दरबारात त्याचा दर्जा अगदी खालचा, अंगावर साधा हिरवा झगा. पण अक्षर मोत्यासारखं! त्याने तिला लिहिलं:

"गार पाण्याने लाल झाली तुझी बोटं,
माझ्या बाहीत दे, जन्मभर ऊब देईन."

मुलीने पत्र उशाशी ठेवलं. तिला ते सगळं खरं वाटलं. तेव्हा त्यालाही खरंच वाटत होतं. पुढेही त्याने तिला बरीच पत्रं लिहिली.

वसंत लागताच, नदीचं पाणी अजून गारच असताना, त्याला बढती मिळाली. हिरवा झगा जाऊन तांबडा आला आणि नदीकाठची वाट तो विसरला. आता प्रधानाच्या मुलीला मागणी घालायची होती, पण नवी कविता काही सुचेना. "एवढी छान कविता झोपडीत पडून काय उपयोग?" असं म्हणून स्वारीने तीच पुन्हा उतरवून पाठवली.

प्रधानाच्या मुलीने बांबूच्या पडद्याआड बसून ती वाचली. मग आपली बोटं पाहिली. मऊ, गोरी, कधी स्वतःचा पेलाही न उचललेली. ही लाल बोटं कोणाची, हे तिला कळेना.

तेवढ्यात उत्तरासाठी कागद घेऊन कारागिराची मुलगी आली. पडद्याखालून कागद आत सरकला आणि मागोमाग लाल बोटं दिसली.

प्रधानाच्या मुलीने पत्र पुढे केलं. "हे तुझं आहे का गं?"

मुलीने अक्षर ओळखलं. हो म्हणावं तर एवढं मोठं घर रागावणार, बापाचं काम जाणार. नाही म्हणावं तर आपलेच हात नाकारायचे.

"हो, बाईसाहेब. माझं होतं," ती म्हणाली आणि रडू लागली.

मोठ्या घरच्या मुलीने परक्यासमोर पडदा उचलायचा नाही, असा तिथला दंडक होता. तिने तो उचलला. ते गारठलेले हात आपल्या रेशमी बाहीत घेतले आणि ऊब येईपर्यंत सोडले नाहीत. "हा राहू दे, उत्तराचा कागद तुला हवा तसा कर," ती म्हणाली.

मुलीने घरी जाऊन दरबाऱ्याची सगळी पत्रं भिजवली, त्यांचा लगदा केला आणि कागद काढला. शाई पूर्ण धुऊन जात नाही, म्हणून तो राखाडी निघाला. प्रधानाच्या मुलीने तो कोराच, फूल नसलेल्या फांदीला बांधून, दरबाऱ्याकडे पाठवला.

जुन्या पत्रांचा कागद राखाडी होतो, हे दरबारात सगळ्यांना ठाऊक होतं. ती आपलीच पत्रं, हे ओळखून दरबारी धावत नदीकाठी आला.

"चुकलो गं. मला पुन्हा कागद देशील? तुलाच लिहीन."

"कागद देईन की, आमचं कामच आहे ते," मुलगी लगदा ढवळत म्हणाली. "पण माझे हात आता गार नाहीत."

तात्पर्य: गारठलेल्या हातांवर कविता करणारे पुष्कळ भेटतात, पण जे ते हात हातात घेईल, ते माणूस आपलं.