हैबतीनं पाहुणे बघितले

एका गावात एक भोळा हैबती होता आणि त्याला रोज काम सांगणारी एक द्वारकाआत्या होती. दोघांत जास्त भोळं कोण, यावर गावात दोन तट होते. आत्या स्वतः आपल्या विरुद्धच्या तटात होती.

“माझ्या भाच्याला कळत नाही, हे मला कळतं,” ती म्हणायची. “तरी मी सांगते. मग खुळं कोण?”

गाव यावर नुसती मान डोलवत असे.

त्या आठवड्यात आत्याची घाई होती. तिच्या मुलीला, रेवतीला, एक स्थळ आलं होतं. मुलाला मुलगी पसंत होती. मुलीला मुलगा इतका पसंत होता, की ती चहात मीठ घालत होती. आता फक्त मुलाकडच्या मोठ्यांनी येऊन, जेवून, नारळ देऊन लग्न पक्कं करायचं बाकी होतं. आधीची दोन स्थळं ऐन वेळी फिरली होती. म्हणून आत्यानं ठरवलं, या वेळी काही चुकायचं नाही.

सकाळी न्हायला बसण्याआधी तिनं हैबतीला हाक मारली. “हैबत्या, गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे बघून ये रे.”

हैबती चढला. हैबती उतरला.

“बघितलं आत्या. स्वच्छ आहे. गार आहे. शेवाळ हिरवं आहे.”

आत्या न्हायला बसली. डोक्याला शिकेकाई लावली आणि नळ सुं सुं करून गप्प झाला.

“अरे मेल्या, पाणी किती ते विचारलं होतं!” डोळे मिटून ती ओरडली. “विचारलं की मोजून यावं. मोजल्याशिवाय तोंड उघडू नये!”

“बरं आत्या,” हैबती म्हणाला.

दुपारी आत्यानं त्याला शेजारी पाठवलं. “भागीरथीकाकू आजारी आहेत. कशा आहेत बघून ये.”

हैबतीनं सुतळी घेतली. काकू गाढ झोपल्या होत्या. त्यानं सुतळीचं एक टोक डोक्याशी धरलं, दुसरं टाचेपर्यंत नेलं आणि गाठ मारली. तेवढ्यात सून दारात आली. निजलेल्या माणसाची लांबी गावात कधी घेतात, ते तिला ठाऊक होतं. तिनं हंबरडा फोडला. तिचं ऐकून गल्ली रडली. कुणीतरी बांबू आणायलाही गेलं.

या गोंधळानं काकू जाग्या झाल्या. “कोण गेलं गं?”

“तुम्ही,” सून हुंदके देत म्हणाली.

हैबती घरी आला. “काकू साडेतीन हात आहेत, आत्या. पण आता उठून बसल्यात, त्यामुळे कमी भरतील.”

आत्यानं कपाळावर हात मारला. शेजारी जाऊन हात जोडून आली. मग हैबतीला समोर बसवलं. “माणूस मोजायचा नसतो रे बाळा. माणूस कसा आहे ते बघायचं. रंग, रूप, स्वभाव.”

“बरं आत्या.”

दुसऱ्या दिवशी त्याला श्रीपती आचाऱ्याकडे धाडलं. “उद्या पाहुणे आहेत म्हणावं. जेवण सांगून ये.”

आचाऱ्यानं विचारलं, “माणसं किती?”

“चांगली आहेत. सावळी आहेत. मुलाचा बाप चिडका आहे म्हणतात.”

“अरे, किती?”

“बराच.”

आचाऱ्यानं दार लावून घेतलं.

शेवटी आत्या स्वतः धावली. आचाऱ्याला माणसं सांगून आली आणि खोबरं किसायला बसली. किसता किसताच तिनं शहाणपण सांगितलं.

“हे बघ हैबत्या. कुठलीही गोष्ट दोन अंगांनी बघायची. आता ही चुलीवरची आमटी. किती आहे ते मापानं कळतं. कशी आहे ते रंग, वास, चव घेतल्याशिवाय कळत नाही. एक अंग सोडलं, तर अर्धीच गोष्ट कळली.”

“माणसांचंही तसंच?”

“माणसांचंही तसंच,” आत्या म्हणाली. तिचं लक्ष किसणीवर होतं. शिवाय इतकं शहाणं ती कधी बोलली नव्हती. बोलून तिलाच बरं वाटलं होतं.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. आत्या म्हणाली, “एसटी आली की पाहुणे नीट बघ आणि घेऊन ये.”

घरात पुरणाचा वास सुटला. रेवतीनं हिरवी साडी नेसली. पाहुण्यांच्या पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन आत्या दारात उभी राहिली.

हैबती एकटाच आला.

“पाहुणे कुठायत?”

“बघितले आत्या. दोन्ही अंगांनी.”

“म्हणजे?”

“आधी किती. पाच आहेत. स्टँडजवळच्या कांद्याच्या काट्यावर एकेकाला उभं केलं. बाप एकोणनव्वद किलो. म्हणाला, इकडची रीत आहे का? मी म्हटलं, आमच्या आत्याची आहे.”

आत्यानं तांब्या खाली ठेवला.

“नवरदेव बासष्ट. मग कसं ते बघितलं. रंग सावळा. वास मोगऱ्याच्या अत्तराचा. हुंगताना लाजला, पण हुंगू दिलं.”

“अरे, पण आहेत कुठं ते?”

“गेले. आलेल्या गाडीनंच.”

“हुंगलं म्हणून?”

“छे. तोवर हसत होते. चवीच्या वेळी गेले.”

आतल्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

“नवरदेव खारट आहे,” हैबतीनं सांगितलं.

“मेल्या!” आत्या उंबऱ्यातच बसली. “तू माझ्या होणाऱ्या जावयाला चावलास?”

“अख्खा कशाला चावू, आत्या? नुसता कान. शितावरून भाताची परीक्षा.”